चिकातून चित्राकडे : हनोईच्या कलाशाळेची वाटचाल

बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी कशी चरचरते आणि फोड कसे उठतात, हे ज्याच्या अंगावर बिब्बा उतला आहे त्याला सांगावं लागत नाही. कोकणात काजूच्या बिया भाजून फोडणाऱ्या बायकांची काळवंडलेली बोटं पाहिली तरी कळतं. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं एक झाड उत्तर व्हिएतनाममधल्या फू थो प्रांतात टेकड्यांच्या उतारांवर लावतात. त्याला तिकडे 'काय सोन' म्हणतात, म्हणजे रोगणाचं झाड. उजाडण्याआधी त्याच्या सालीवर तिरप्या खाचा पाडतात, खाचांच्या टोकाशी शिंपला खोचतात आणि त्यात थेंब थेंब उतरणारा दुधाळ चीक गोळा करतात. हाही चीक अंगावर उततो. रोगण माणूस बघून खातं आणि भूत माणूस बघून झपाटतं, अशा अर्थाची एक म्हणच त्या मुलखात आहे. एखादा जन्मभर त्यात हात घालतो आणि त्याला काही होत नाही. दुसरा नुसता जवळून गेला तरी त्याचं तोंड सुजतं.

हनोईच्या येत किएऊ रस्त्यावर ४२ क्रमांकाच्या आवारात एक कलाशाळा आहे. तिची आणि या चिकाची गाठ पडली नसती तर आज आपण ज्याला व्हिएतनामी चित्रकला म्हणून ओळखतो ती जन्मली असती की नाही, याची मला शंका आहे. शाळेचे वर्ग १९२५ मध्ये सुरू झाले. तिला शंभर वर्षं झाली, आणि एवढ्या काळात तिने नाव बदललं, गावं बदलली, एकदा तर ती जंगलात भरली. चीक मात्र तोच राहिला.

एक खुलासा इथेच करायला हवा. रोगणाचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सावंतवाडीचे पाट, गंजिफा आणि लाखेची खेळणी येतात. लाख ही किड्यांपासून मिळते आणि उष्णतेने वितळते. व्हिएतनामी 'सोन' हा झाडाचा चीक आहे आणि एकदा घट्ट झाला की तो पुन्हा वितळत नाही. त्याहून मोठी गंमत म्हणजे तो उन्हात वाळतच नाही. श्रावणात दोरीवरचे कपडे चार चार दिवस ओलसर राहतात ना, तसली दमट हवा त्याला लागते. कोरड्या दिवसांत कारागीर खोलीत ओली फडकी टांगून ठेवतात.

शाळेची सुरुवात दोन माणसांच्या मैत्रीतून झाली. व्हिक्टर तार्दिय हा फ्रेंच चित्रकार एक पारितोषिक मिळवून १९२१ मध्ये इंडोचायनात आला. थोडे दिवस राहून परत जायचं, असा त्याचा बेत होता. हनोईच्या विद्यापीठाच्या सभागृहासाठी प्रचंड भित्तिचित्र काढायचं काम त्याला मिळालं, आणि ते करता करता तिथल्या एका स्वयंशिक्षित तरुण चित्रकाराशी, नाम सोनशी, त्याची ओळख झाली. देशात चित्रकलेची रीतसर शाळा हवी, हे नाम सोनच्या मनात आधीपासून होतं. तार्दियने ते वसाहतीच्या सरकारदरबारी लावून धरलं. २७ ऑक्टोबर १९२४ रोजी शाळेच्या स्थापनेचा हुकूम निघाला. नाम सोन पॅरिसला जाऊन शिकून आला आणि शाळेत शिकवू लागला. तार्दिय कायमचा परत गेलाच नाही. १९३७ मध्ये हनोईतच वारला.

पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मोजके विद्यार्थी आणि कडक प्रवेशपरीक्षा असं शाळेचं स्वरूप होतं. शरीररचना, परिप्रेक्ष्य, तैलरंग हे सगळं पॅरिसच्या धर्तीवर शिकवलं जाई. पण विद्यार्थ्यांनी आपल्या मातीतली माध्यमं सोडू नयेत, असा तार्दियचा आग्रह होता. पहिल्या तुकडीतल्या न्गुयेन फान चान्हने रेशमावर रंगवलेली चित्रं १९३१ च्या पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनात लोकांनी वाखाणली. ले फो, माय त्रुंग थू हे त्याचे सोबती पुढे फ्रान्समध्येच स्थायिक झाले. ले थी लू ही मुलगी १९३२ मध्ये इथून उत्तीर्ण झाली. त्या काळच्या हनोईत ही साधी गोष्ट नव्हती. सत्ताधाऱ्यांनी काढलेल्या शाळेतून एतद्देशीयांची स्वतंत्र कला उगवावी, हा प्रकार आपल्याला परका नाही. मुंबईचं जे. जे. १८५७ चं, देशी कसब आणि ललित कला यांतलं कशाचं शिक्षण द्यायचं, हा वाद तिथेही लॉकवुड किपलिंगच्या दिवसांपासून चालला. हनोईत त्या वादाचं उत्तर चिकाने दिलं.

तोवर रोगण म्हणजे देवळातलं काम. खांब, पालख्या, देव्हारे, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या यांवर काळा, तांबडा आणि सोनेरी असे तीनच रंग चालत. ते करणारी गावं ठरलेली होती. काम सुबक होई, पण त्याला कुणी चित्र म्हणत नसे. शाळेतला फ्रेंच शिक्षक जोझेफ अँगँबेर्ती याच्या डोळ्यांत हनोईच्या साहित्य मंदिरातलं ते रोगणकाम भरलं, आणि विद्यार्थ्यांनी हे हाताळून पाहावं, असं त्याच्या मनाने घेतलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस शाळेत रोगणाची कार्यशाळा उभी राहिली. पुढे आलिक्स एमे ही फ्रेंच चित्रकर्तीही तिथे शिकवू लागली. पण फ्रेंच शिक्षक फार तर दिशा दाखवणार. चीक कसा हाताळायचा, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यासाठी कारागीर आले. त्यांतल्या दिन्ह वान थान्ह याचं नाव शाळेच्या संचालकांच्या रांगेत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. चिकात पाइनच्या झाडाची राळ मिसळली तर थर कडक होतो, पाण्याखाली घासता येतो आणि घासल्यावर झळाळतो, हे त्याने दाखवलं. पूर्वीचं रोगण लावून तसंच सोडत. आता ते घासता येऊ लागलं.

एवढ्या एका गोष्टीने सगळं बदललं. नावही त्यावरूनच पडलं : 'सोन माय'. 'सोन' म्हणजे रोगण आणि 'माय' म्हणजे घासणं.

हे चित्र कसं होतं ते जरा जवळून पाहू, कारण शाळेचा पुढचा इतिहास त्यावाचून समजत नाही. आधी फळी तयार करायची. तिला 'वोक' म्हणतात. लाकडाच्या भेगा चीक आणि मातीच्या लुकणाने बुजवायच्या, वर कापड चिकटवायचं, पुन्हा लिंपण, पुन्हा घासणं, पुन्हा चीक. चित्राची पहिली रेघ पडायच्या आधी यातच कित्येक आठवडे जातात. चीक लोखंडी भांड्यात घोटला की लोखंडाच्या गुणाने काळाकुट्ट होतो. मातीच्या किंवा लाकडाच्या भांड्यात घोटला की तपकिरी. त्या तपकिरीला कारागीर झुरळाच्या पंखाचा रंग म्हणतात. नाव ऐकून नाक मुरडू नये. उजेडात धरलेला तो पंख आठवला की रंग तंतोतंत कळतो. तांबड्यासाठी हिंगूळ. पिवळ्या तेजासाठी सोन्याचा वर्ख, थंड उजेडासाठी चांदीचा. आणि पांढऱ्यासाठी?

पांढऱ्यापाशी सगळे अडत. घोटलेला चीक तपकिरीच, त्यात कुठलाही पांढरा रंग कालवला की मळकट होतो. म्हणून अंड्याची टरफलं आली. टरफलाच्या आतला पापुद्रा सोलायचा, ओल्या रोगणावर टरफल ठेवायचं आणि बोटाने हलकेच दाबायचं. ते शेकडो बारीक तुकड्यांत तडकतं आणि भेगांमधून काळा चीक वर येतो. तुकडे दाट बसवले तर शुभ्र, विरळ बसवले तर करडं. टरफलं आधी भाजून घेतली तर पिवळसर. चित्रातल्या बाईच्या पांढऱ्या झग्याची चुणी अशी एकेक टरफल दाबून उमटवायची, आणि मग त्यावर पुन्हा रोगणाचे थर चढवून ते चित्र पुरतं झाकून टाकायचं.

हो, झाकून. थरावर थर चढतात आणि दर थर वाळायची वाट पाहावी लागते. शेवटी फळी काळीसावळी, मुकी दिसते. मग पाणी ओतत घासायला बसायचं. आधी दगडाने, मग कोळशाने, तोही झोआन झाडाचा, म्हणजे आपल्या बकाणा निंबाचा. मग माणसाच्या केसांच्या गुंतवळाने आणि अगदी शेवटी नुसत्या तळहाताने. खालचं सोनं, हिंगूळ, टरफल हळूहळू वर येऊ लागतं. एका जागी दोन हात जास्त फिरले की खालचा थर निघून जातो, तो पुन्हा आणता येत नाही. तैलरंगात चित्रकार भर घालत जातो. इथे तो काढत जातो, आणि काय काढायचं ते त्याला न दिसणाऱ्या थराबद्दल ठरवावं लागतं.

शाळेच्या सुरुवातीच्या पिढीतल्या त्रान क्वांग त्रानने सोन्याची पूड रोगणाच्या थरांत पेरून आणि मग घासून खोली आणली. फाम हाऊने मासे, हरणं, डोंगर यांचे भव्य पडदे केले. तरी त्या पिढीत रोगणाच्या फळीला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चित्र केलं ते न्गुयेन झा त्रीने, असं बहुतेक जाणकार मानतात आणि मलाही तसंच वाटतं.

झा त्रीचा जन्म १९०८ चा, हनोईजवळच्या हा दोंग भागातला. तो १९२८ मध्ये शाळेत दाखल झाला, मधेच सोडून गेला. तार्दियने समजावल्यावर परतला आणि १९३६ मध्ये उत्तीर्ण झाला. त्याच सुमारास तो 'फोंग होआ' आणि 'न्गाय नाय' या साप्ताहिकांत व्यंगचित्रं काढत होता. दोन बोटांत धरलेल्या टाकाने चार रेघांत अधिकाऱ्याची टर उडवणारा हा माणूस उरलेल्या वेळी एकाच फळीवर महिने काढत असे. या दोन कामांचं एकमेकांशी काय नातं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मला वाटतं, व्यंगचित्राने त्याला रेघ कुठे थांबवायची ते शिकवलं. त्याच्या पडद्यांवरच्या बायका बागेत बसलेल्या, उभ्या, झुलणाऱ्या. पण एकीच्याही अंगाभोवती जास्तीची रेघ नाही. १९३९ चा त्याचा आठ फळ्यांचा पडदा हनोईच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्याच्या एका बाजूला बागेतल्या तरुणी आणि दुसऱ्या बाजूला अळूसारखी नुसती मोठमोठी पानं. पानांसारखी साधी गोष्ट, पण तिच्यात सोनं आणि काळा यांची अशी गुंफण आहे की बायकांची बाजू बघून परत फिरावंसं वाटणार नाही.

१९४० च्या सुमारास फ्रेंचांनी त्याला राष्ट्रवादी राजकारणापायी पकडून सोन ला इथल्या तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तो पुन्हा फळ्यांपाशी बसला.

तिकडे शाळेत तार्दियनंतर शिल्पकार एव्हारिस्त झाँशेर संचालक झाला. त्याच्या काळात शाळेचा भर कारागिरीकडे, उपयोगी वस्तूंकडे वळला. व्हिएतनामी माणूस कसबी खरा, पण कलावंत नव्हे, असा त्यामागचा सूर अनेकांना खुपला. चित्रकार तो न्गोक वानसारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांचा राग रास्तच होता. तरीही मला वाटतं, कसब आणि कला यांची ही फाळणी दोन्ही बाजूंनी चुकीची होती. या शाळेचं सगळं वैभव कारागीर आणि चित्रकार एका जमिनीवर मांडी घालून बसले त्यातून आलेलं. पुढे फाम हाऊने १९४९ मध्ये हनोईत कलाकुसरीची स्वतंत्र शाळा काढली, तिचंच आज औद्योगिक ललित कला विद्यापीठ झालं आहे.

युद्ध दारात आलं. १९४३ च्या अखेरीस हनोईवर अमेरिकी बाँब पडू लागले आणि शाळेची पांगापांग झाली : चित्रकला सोन तायला, वास्तुकला दूर दालातला. ९ मार्च १९४५ रोजी जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथवली आणि वसाहतीची ही शाळा बंद पडली. वीस वर्षांत सव्वाशेच्या आसपास चित्रकार आणि शिल्पकार इथून बाहेर पडले होते. एवढ्याशा आकड्यावर एका देशाची आधुनिक चित्रकला उभी राहिली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर शाळा नव्या नावाने उघडली, पण वर्षभरात फ्रेंचांशी युद्ध पेटलं आणि ती पुन्हा बंद झाली. मग १९५० मध्ये व्हिएत बाकच्या डोंगराळ मुलखात प्रतिकाराची कलाशाळा सुरू झाली. मुख्य शिक्षक तो न्गोक वान. ज्याने १९४३ मध्ये लिलीच्या फुलांजवळ बसलेली पांढऱ्या झग्यातली तरुणी तैलरंगात रंगवली, तोच माणूस आता बांबूच्या झोपडीत शेतकऱ्यांची, सैनिकांची रेखाटनं करायला शिकवत होता. सोन मायबद्दल त्याने याच वर्षांत लिहिलं. सोन्याचा वर्ख आणि हिंगूळ हे दरबारी, देवळी माध्यम क्रांतीच्या काळात चालेल का, हा प्रश्न तेव्हा खरोखरच ऐरणीवर होता. तो न्गोक वानचा या माध्यमावर विश्वास होता. फ्रेंचांशी झालेली दिएन बिएन फूची लढाई ७ मे १९५४ रोजी संपली. आघाडीवरची रेखाटनं घेऊन परतताना जूनमध्ये विमानातून झालेल्या बाँबफेकीत तो मारला गेला. युद्ध थांबायला तेव्हा जेमतेम महिना उरला होता.

१९५५ मध्ये हनोईत शाळा पुन्हा भरली आणि त्रान वान कान प्राचार्य झाला. तो पुढे चौदा वर्षं त्या जागेवर होता. तो न्गोक वानने ज्याची बाजू घेतली होती, ते याच वर्षांत फळ्यांवर उतरलं. फान के आनने १९५५ मध्ये वायव्येकडच्या डोंगरांतली एक संध्याकाळ रोगणात आणली. त्रान वान कानने १९५८ मध्ये शेतात पाणी उपसणारी माणसं एका लयीत उभी केली. त्यांच्या हातांतल्या दोऱ्या आणि वाकलेल्या कमरा पाहिल्या की नाच चालू आहे असं वाटतं. त्याच वर्षी समाजवादी देशांच्या मॉस्कोतल्या प्रदर्शनात व्हिएतनामी रोगणचित्रांनी लोकांना थांबवलं. आणि १९६३ मध्ये न्गुयेन सांगने दिएन बिएन फूच्या खंदकात, लढाईच्या मधोमध, कम्युनिस्ट पक्षात प्रवेश देण्याचा प्रसंग रंगवला. डोक्याला पट्टी बांधलेला जखमी सैनिक, भोवती त्याचे साथी आणि सगळीकडे मातीचा पिवळा तपकिरी रंग. राजकीय विषयाचं चित्र म्हणून ते बाजूला सारणाऱ्यांनी त्या मातीकडे पाहावं. खंदकाची भिंत आणि माणसांचे चेहरे एकाच थरातून घासून काढल्यासारखे दिसतात.

१९६६ मध्ये हनोईत ललित कला संग्रहालय उघडलं, त्याचा पहिला संचालक न्गुयेन दो कुंग हाही याच शाळेचा विद्यार्थी. अमेरिकी बाँबफेकीच्या वर्षांत शाळा हनोईबाहेरच्या खेड्यांत हलली आणि परत आली. १९८१ मध्ये तिचं विद्यापीठ झालं, २००८ मध्ये नावात व्हिएतनाम आलं.

झा त्री यातल्या कशातच नव्हता. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजकारणाच्या वादळात तो देशाबाहेर, हाँगकाँगला गेला होता, आणि परतल्यावर १९५४ पासून सायगावात राहिला. दक्षिणेत रोगणाची परंपरा निराळी होती. थू दाऊ मोतची कसबशाळा १९०१ ची, भोवतालच्या गावांत घरोघर रोगणकाम. झा त्रीने १९६९ च्या सुमारास नऊ फळ्यांचं एक चित्र हाती घेतलं, साडेपाच मीटरच्या आसपास रुंद आणि दोन मीटर उंच. नाव : मध्य, दक्षिण आणि उत्तर यांची वसंतबाग. देश दुभंगलेला असताना त्याने तिन्ही भागांतल्या मुली एकाच बागेत आणल्या. १९७६ मध्ये देश एक झाला, सायगावचं नाव बदललं, आणि चित्र मात्र अजून चालूच होतं. ते १९८९ मध्ये पुरं झालं. वीस वर्षं. १९९३ मध्ये तो गेला. चित्र हो चि मिन्ह शहराच्या ललित कला संग्रहालयात आहे आणि २०१३ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं.

दोई मोईच्या, म्हणजे १९८६ नंतरच्या खुल्या धोरणाच्या काळात बाजार आला. पर्यटकांना वाट्या, तबकं, भिंतीवरची कमळं हवी होती आणि तीही लवकर. खऱ्या चिकाला वाट पाहायची सवय. त्यामुळे पुष्कळ गावांनी 'सोन दिएऊ' जवळ केलं. दिएऊ म्हणजे काजू. काजूच्या टरफलातल्या तेलापासून हे रोगण करतात, ते साध्या हवेत वाळतं आणि अंगावर फारसं उततही नाही. आपल्या कोकण-गोव्याच्या काजूचंच ते भावंड, म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीव होत नाही. तबकासाठी ते उत्तम. पण वीस थरांखाली गाडलेलं सोनं वर आणायचं असेल तर फू थोच्या झाडाला पर्याय नाही, असं शाळेतले लोक आजही सांगतात.

आणि मग २०१९ उजाडलं. वसंतबागेची सफाई झाली. भांडी घासायचा साबण, घासायची पूड आणि सँडपेपर वापरून चित्र चकचकीत करण्यात आलं. टरफलांचं पांढरं एकदम उठून आलं, सोन्यावरचा वरचा पातळ तपकिरी थर जागोजाग निघून गेला, आणि बागेची खोली सपाट झाली. झा त्रीने वीस वर्षांत जेवढं घासून थांबवलं होतं, त्याच्या पलीकडे ते गेलं. बातमी फुटल्यावर देशभर हळहळ झाली, चौकशीही झाली. हे ज्यांच्या हातून घडलं त्यांच्या मनात चित्र बिघडवायचं खासच नव्हतं. पण तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तोच चित्राचा शेवटचा रंग, हे फळीपाशी बसून शिकलेल्या माणसालाच कळतं. त्या सफाईत ते भान राहिलं नाही. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत जास्त दुःख या गोष्टीचं होतं, बाँबफेकीपेक्षाही.

येत किएऊ रस्त्यावरच्या शाळेत रोगणाचा विषय आजही शिकवतात. पाण्याची बादली, फळी, कोळशाचा तुकडा. घासून घासून बोटांची टोकं पांढरी पडतात. मधेच थांबून तळव्याने पाणी निपटायचं, फळी खिडकीकडे तिरपी करून सोनं कुठवर आलंय ते बघायचं, आणि पुन्हा पाणी ओतायचं.